उपवास धरून यावे

३ नोव्हेंबर, सोमवार. शिरूर

बऱ्याच दिवसांनी आज लाल पेन हातात घेतलं. जस्मिन पुण्याहून आली ती एक कागद घेऊनच. म्हणाली, "पप्पा, एवढं मराठी तपासून द्या, उद्या छापायला जायचंय." न्हावऱ्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी अख्खी नोकरी गेली, पण निवृत्त झाल्यापासून कोणी साधा अर्जसुद्धा तपासायला दिला नव्हता. हातातला चहा बाजूला ठेवला आणि बसलो.

तिचं संशोधन रक्तातल्या प्रथिनांवर आहे. अंगावरची चरबी म्हणजे नुसतं भरून ठेवलेलं पोतं नाही, असं ती सांगते. चरबी रक्तात निरोप सोडते. त्यातलं लेप्टिन नावाचं प्रथिन मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे, आता थांब. दुसरं एक आहे, ॲडिपोनेक्टिन. चरबी वाढली की ते कमी होतं आणि मग साखरेचा आजार मागं लागतो. कोणाचं अंग किती साठवतं आणि का, हे या निरोपांवरून शोधायचं. मी लेप्टिनला 'तृप्तिदूत' असा शब्द सुचवला. ती हसली, पण लिहून घेतला नाही.

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिला दोन ठिकाणं दिली आहेत, दौंड आणि शिरूर. शिरूरचे रक्ताचे नमुने नीट आले तर पुढची सगळी वर्षं हे काम आपल्या तालुक्यात चालणार आणि तेही जस्मिनच्या हाताखाली. बिघडले तर शिरूर वगळणार आणि काम दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाणार. म्हणून मी कामाला न्हावरं निवडलं. तिथं निम्मं गाव माझ्या हातून शिकलेलं आहे.

कागदावर तिनं लिहिलं होतं, 'रक्त देण्यासाठी सकाळी फास्टिंगमध्ये यावे.' ही भाषा आहे की भेळ? मी खोडून वर लिहिलं, 'उपवास धरून यावे.' आमच्या चर्चमध्ये उपवास-प्रार्थना असते त्या दिवशी पाण्याखेरीज काही घशाखाली उतरत नाही. याहून नेमका शब्द मराठीत नाही.

"लोकांना फास्टिंग कळतं पप्पा. सगळे शुगर तपासतात," ती म्हणाली.

"कळतं म्हणून काहीही लिहायचं का?" मी म्हणालो. मग तिनं वाद घातला नाही.

दौंडचं शिबिर तिचा डॅनीमामा बघतो आहे. लिडियाचा हा भाऊ रेल्वेत गार्ड होता आणि अजून बोलतो ते फलाटावर उभा असल्यासारखं. त्यालाही माझी दुरुस्ती फोनवर कळवली. म्हणाला, "दाजी, तुमची मराठी शिरूरलाच ठेवा. आमच्या पब्लिकला फास्टिंगच समजतं." आपण सांगून मोकळं व्हावं.

जेवताना जस्मिननं अर्धी भाकरी आणि थोडा रस्सा घेतला. लिडिया म्हणते ती पहिल्यापासून एवढंच खाते. मी काही बोललो नाही. हवा खाऊन कोणाचं अंग वाढत नाही एवढं मला कळतं. पुण्यात बाहेर काय काय खात असेल देव जाणे. हुशार आहे मात्र, त्यात शंका नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

उपासना आटोपून न्हावऱ्याला जाऊन आलो. देवळाच्या भोंग्यावरून मी स्वतः सूचना दिली. पुजारी माझा विद्यार्थी, त्यानं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. "बुधवारी सकाळी सर्वांनी उपवास धरून यावे," असं तीन वेळा खणखणीत आवाजात सांगितलं. चावडीवर बसलेल्यांनी माना डोलावल्या. इतक्या सोप्या आणि भारदस्त मराठीत या गावात अलीकडे कोणी सूचना दिली नसेल.

जयसिंगच्या किराणा दुकानात थांबलो. तोही माझाच विद्यार्थी, वर्गात मागच्या बाकावर बसायचा. म्हणाला, "सर, बुधवारचं डोक्यात ठेवलंय. उद्याच तळेगावहून माल आणतो." कशाचा माल ते विचारायचं राहून गेलं. शिबिराच्या दिवशी दुकान भरलेलं हवं असेल त्याला. व्यवहार कळतो पोराला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. गावानं शब्द राखला. शाळेच्या व्हरांड्यात सकाळपासून रांग लागली होती. बाया धुवट लुगडी-साड्या नेसून आल्या, कितीकांच्या कपाळाला अष्टगंध होतं. एखाद्या व्रतासारखं गावानं हे काम मनावर घेतलं. जस्मिननं आधी लॅबचा कोर्स केला आहे, त्यामुळं सुई तीच टोचत होती. प्रत्येकाला विचारायचं काम मी घेतलं होतं.

"उपवास आहे ना?"

"व्हय सर, हाय की."

सगळ्यांचं तेच उत्तर. एकानंही उपवास मोडला नव्हता. हौशीराम आबा तर म्हणाले, "सर, तुमचा शबुद म्हंजी शबुद. घरातल्या ल्हान पोरांनीबी धरलाय." मला भरून आलं. त्यांच्या रतनबाईंनी माझ्यासाठी डबा आणला होता. उघडला तर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बाजूला तुपातलं रताळं. रक्त देऊन झाल्यावर लोकांना खायला काही हवं, हे या माउलीला आधीच सुचलं होतं. मी मनापासून खाल्ली.

जयसिंग येताजाता सांगून गेला, "सर, साबुदाणा, भगर, सगळं खलास. असं एकादशीलाबी व्हत न्हाई." धंदा झाला म्हणून खूश होता.

एकच गोष्ट खटकली. हात पुढं करताना रतनबाई जस्मिनकडं बघून शेजारणीला म्हणाल्या, "पोर गुणाची हाय, पर अंगानं लई सुटलीय. हीच चरबीचं सांगनार व्हय?" शेजारीण हसली. जस्मिन मान खाली घालून शीर शोधत राहिली. मला राग आला, पण रतनबाईंचं अगदीच चुकीचं होतं असंही म्हणवेना. म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली.

नमुने बर्फाच्या पेटीत घालून गाडी पुण्याला गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जस्मिनचा फोन. एवढ्या उत्साहात मी तिला क्वचित ऐकलं आहे. रक्त यंत्रात फिरवलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते स्वच्छ दिसायला हवं. न्हावऱ्याचं जवळजवळ प्रत्येकाचं पाणी ताकासारखं पांढुरकं निघालं. तो रंग चरबीचा. काटक अंगाची, उसात राबणारी माणसं, आणि रक्तात एवढी चरबी! मॅडम म्हणाल्या, काही घराण्यांत असं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं असतं. एका गावात इतक्या जणांना असेल तर मोठीच गोष्ट आहे. पण घाई नको, दौंडचे आकडे येऊ देत.

लिडियाला म्हणालो, "बघ, गाव मी निवडलं होतं."

ती म्हणाली, "रक्त मात्र त्यांचं होतं."

३० नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर चर्चच्या आवारात चार माणसांनी जस्मिनबद्दल विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. थोडक्यात म्हणजे पाळकसाहेबांची दुपारची भाकरी जरा थंड झाली असेल. न्हावऱ्याचं रक्त जगावेगळं निघालं आणि ते माझ्या मुलीनं शोधलं, हे सांगताना आवाज आपोआप चढतो. कोणी वडिलांनी असं सांगून बघावं, मग कळेल.

४ डिसेंबर, गुरुवार

सगळं फिरलं. दौंडचे आकडे आले आणि ते जसे असायला हवेत तसे आहेत. पाणी स्वच्छ, सगळं जागच्या जागी. न्हावऱ्याच्या रक्तात चरबीबरोबर इन्शुलिनही चढलेलं आहे. ते तर जेवण पोटात गेल्यावर चढतं. मॅडमनी स्पष्टच सांगितलं, ही घराण्याबिराण्याची गोष्ट नाही, ही माणसं खाऊन आली होती. हे नमुने चालणार नाहीत. शिरूर ठेवायचं की वगळायचं हे त्या नाताळाच्या आधी ठरवणार आहेत.

मी फोनवरच तापलो. "एकूण एक माणसाला मी तोंडानं विचारलंय. चोरून खाल्लं असणार. माणसाच्या जिभेवर ताबा नसतो आणि वर 'आम्ही काहीच खाल्लं नाही' म्हणायला तयार."

जस्मिन म्हणाली, "पप्पा, इतकी माणसं एकाच दिवशी खोटं कशाला बोलतील? कोणी म्हणालं की मी खाल्लं नाही, तर आधी ते खरं धरायचं. मग आपलं कुठं चुकलं ते शोधायचं. माझं काम तिथूनच सुरू होतं."

शास्त्र शिकूनही पोरगी भोळीच राहिली. म्हटलं, उद्या जातो आणि एकेकाला धरतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

एसटीनं न्हावऱ्याला गेलो. हौशीराम आबा कांद्याला पाणी देत होते, रतनबाई बांधावर गवत कापत होत्या. मी रामराम झाल्याझाल्या तोफ डागली.

"आबा, खरं सांगा. रक्त दिलं त्या दिवशी उपवास धरला होता की नाही?"

आबांनी खोरं बाजूला ठेवलं. दुखावल्यासारखे दिसले. "धरला म्हंजी? पार कडक धरला. भाकर न्हाई, भात न्हाई. मिठाचा खडा न्हाई सर, शेंदेलोण आनलं जयसिंगकडनं."

"मग पोटात काय होतं?"

"काय असनार? उपासाला चालतंय तेवढंच. खिचडी, भगर, दाण्याची आमटी. गलासभर ताक. रताळं तेवढं तुपात परतलं हिनं."

मी बांधावर बसलो. रतनबाई जवळ आल्या. म्हणाल्या, "काय झालं सर? तुमी सांगितलं म्हून तर केला. एरवी आमी बुधवारी उपास करतो व्हय?"

त्यांना काय सांगू? मग सांगितलंच. आमच्यात उपवास म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. मला वाटलं तुमच्यातही तेच. आबा खो खो हसले. म्हणाले, "मंग निरंकार म्हणायचं सर. न्हाईतर सरळ फास्टिंग म्हणायचं. शुगर तपासाया जाताना आमी काय खिचडी खाऊन जातो?"

इतकी वर्षं या गावात राहिलो. ऐन श्रावणात या लोकांच्या ओटीवर बसून दाण्याची आमटी प्यायलो. तरी लिहिताना डोक्यात आमचीच उपवास-प्रार्थना होती. आणि चोरून खाल्लं असा आळ घातला तो या माणसांवर, ज्यांनी माझ्या शब्दाखातर बुधवारी घरादारासकट उपास केला. चोरून कोणीच खाल्लं नव्हतं. मला लाज वाटली आणि परत येताना खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

६ डिसेंबर, शनिवार

जस्मिन पुण्याहून आल्याआल्या तिला समोर बसवून सांगितलं. आधी ती इतकी हसली की लिडिया स्वयंपाकघरातून धावत आली. मग शांत झाली. "मलाही नाही सुचलं पप्पा. आपल्या घरात उपवास म्हणजे उपवासच."

जेवणं झाल्यावर मी म्हणालो, "मॅडमना मी पत्र लिहितो. शब्द माझा होता."

"मी त्यांना मघाशीच फोन केला. सूचना माझी, चूक माझी, असं सांगितलं. कागदावर नाव माझं आहे."

माझ्या वर्गात आयुष्यभर एकच वाक्य ऐकलं, सर मी नाही त्यानं केलं. ही मुलगी कुठून अशी झाली कळत नाही. माझ्यावरच गेली असेल.

मॅडमनी एक संधी दिली आहे. नाताळाच्या आत त्याच माणसांचं रक्त पुन्हा मिळालं पाहिजे. निम्म्याहून कमी आले तर शिरूर संपलं.

डॅनीचाही फोन येऊन गेला, तो यायचाच होता. "दाजी, एकादशी अन् दुप्पट खाशी! अख्खं न्हावरं तुम्ही एकादशीला बसवलंत." दोन मिनिटं हसत होता. मग म्हणाला, "जस्मिनसाठी माणसं पाहिजेत तर सांगा, दौंडहून गाडी भरून आणतो." त्याला म्हटलं, माणसं तीच पाहिजेत. पण बरं वाटलं.

१४ डिसेंबर, रविवार

पुन्हा तोच भोंगा. मी म्हणालो, "मी साळवे सर बोलतोय. मागच्या वेळी मी चुकीचा शब्द सांगितला. तुम्ही चुकला नाहीत, मी चुकलो. तुमचं रक्त त्यामुळं वाया गेलं. बुधवारी फास्टिंगमध्ये यायचं आहे. साबुदाणा नाही, भगर नाही, चहा नाही. निरंकार. फक्त पाणी." फास्टिंग हा शब्द माझ्या तोंडून भोंग्यावर गेला आणि आभाळ कोसळलं नाही.

खाली उतरलो तर चावडीवर हशा चालला होता. पण जयसिंग गंभीर होता. "सर, खरं सांगतो. लोकं म्हंतात, एकदा दिलं की रगत, परत कशापायी? आन् आता ऊसतोड चालू हाय, सकाळी कोन थांबतंय." मी सगळ्या गावात फिरलो. हसून बोलले सगळे, येतो असं ठामपणे थोडेच म्हणाले.

जस्मिनला खरं काय ते कळवलं. ती म्हणाली, "जेवढे येतील तेवढे."

१७ डिसेंबर, बुधवार

आम्ही टेबल मांडलं तेव्हा व्हरांड्यात कोणीच नव्हतं. मी सारखा फाटकाकडं बघत होतो. जस्मिन नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती.

मग हौशीराम आबा आले. मागं रतनबाई. त्यांच्या मागं अख्खी आळी. "सर, पोटात कावळं वरडत्यात बघा. ह्यो तुमचा उपास लई वंगाळ," आबा म्हणाले. उसाच्या फडातून माणसं कोयते घेऊन तशीच आली, रक्त देऊन परत गेली. मागच्या वेळचे जवळजवळ सगळे आले. निमोण्याला माहेरी गेलेली एक लेकुरवाळी भावाच्या मोटारसायकलवर बसून आली. एकेक चेहरा दिसत होता आणि मी प्रत्येकाला नावानं हाक मारत होतो. या गावात मी मास्तर होतो याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

रतनबाईंचा नंबर आला. त्यांच्या मनात काही राहत नाही. हात पुढं करून विचारलं, "पोरी, रागाऊ नको. तू काय खातीस गं एवढी?"

रांग कान देऊन ऐकत होती. जस्मिननं या वेळी मान खाली घातली नाही. "काकू, आमच्या घरात सगळ्यात कमी मी खाते. काही अंगं थोडक्यातही साठवून ठेवतात आणि रक्तातला निरोप मेंदूला नीट ऐकू जात नाही. असं का होतं तेच मी शोधतेय. तुमच्या रक्तातून."

"खरं का वो सर?" रतनबाईंनी माझ्याकडं बघितलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. जस्मिन सोडून. ती हातातल्या सुईकडं बघत होती. मला आबांचा कांद्याचा वाफा आठवला. मी म्हणालो, "खरं आहे. ती म्हणते कमी खाते, म्हणजे कमीच खाते. माझी मुलगी खोटं बोलत नाही."

"मंग ठीक हाय," रतनबाई म्हणाल्या आणि मूठ आवळली.

जस्मिनला शीर सापडायला वेळ लागला. दोनदा डोळे पुसले तिनं. पहाटेपासून उभी होती, दमली असेल.

२२ डिसेंबर, सोमवार

मॅडमचा फोन थेट मला आला. पाणी स्वच्छ निघालं आहे आणि आकडे खरे आहेत. न्हावऱ्याच्या बारीक दिसणाऱ्या माणसांतही कितीकांचं ॲडिपोनेक्टिन कमी आहे, म्हणजे बाहेरून दिसत नाही आणि आत धोका आहे. यावर काम करायला हवं, आणि ते शिरूरमध्येच होईल. जस्मिनच करेल. मी शब्दाचं सगळं त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला अंदाज होता सर. जस्मिनची मराठी एवढी भारदस्त नाही." मग विचारलं, "तिला हा विषय सुचला कसा, तुम्हाला माहीत आहे का? ती कधी सांगत नाही."

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी जस्मिन आली, लिडियाबरोबर नाताळाच्या करंज्या भरायला बसली. मी विचारलं.

तिनं करंजीची कड दुमडत दुमडत सांगितलं. "मी सांगायचे, मी जास्त खात नाही. कोणाला पटायचं नाही. तुम्हालाही नाही पप्पा. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला कळायचं. मग वाटलं, रक्ताला विचारू. त्याच्यावर तरी विश्वास ठेवतील."

लिडियानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसलो. जन्मभर शब्दांवर पोट भरलं आणि तेव्हा एकही सापडेना. शेवटी म्हणालो, "आता रक्ताची गरज नाही. मला पटलंय."

"माहितीये," ती म्हणाली. "बुधवारी ऐकलं मी. सगळ्या गावानं ऐकलं."

"मग आता हे काम सोडणार की काय?"

"छे. जगात तुमच्यासारखे बाप थोडे आहेत का?"

आम्ही तिघंही हसलो. मला वाईटही वाटत होतं आणि छाती भरूनही आली होती, दोन्ही एकदम. तिनं कोणाशी भांडण केलं नाही, रडत बसली नाही, आपल्यावर आळ होता तो उचलून त्याचंच शास्त्र केलं. असं काळीज माझ्याकडं नाही. माझ्यावर गेली असेल असं वर कुठंतरी लिहिलं आहे, ते खोडतो.

उद्या पहिल्या एसटीनं न्हावऱ्याला जायचं आहे. पुजाऱ्याला भोंगा मागून ठेवला आहे. शिरूरचं काम शिरूरमध्येच राहिलं आणि ते डॉक्टर जस्मिन योसेफ साळवे करणार आहेत, असं सांगायचं आहे. डॉक्टर व्हायला अजून अवकाश आहे, पण एवढी घाई बापाला माफ असावी.